हारापुरते लग्न

लग्नाचे हार घरीच ओवायचे, मांडव आपला आपण सजवायचा, असे कोणी ठरवले की पाहुण्यांना ती एक तर शहरी टूम वाटते नाही तर ऐपत नसल्याची कबुली. महाराष्ट्रातल्या लग्नांचा मागोवा घेतला तर चित्र उलटे दिसते. घरची सजावट जुनी आहे; सजावटीचे स्वतंत्र बिल अलीकडचे. खेड्यातला मांडव भावकी आणि सोयरे मिळून घालत. आंबा, जांभूळ, उंबराच्या फांद्या बैलगाडीतून वाजतगाजत आणण्याला मांडवडहाळे म्हणतात, आणि तो लग्नातला एक मानाचा विधीच होता. दाराशी केळीचे खांब, वर आंब्याच्या पानांचे तोरण. पत्रावळी आणि बेल पुरवणारा गुरव बलुतेदारांत, तर माळी अलुतेदारांत मोडे, आणि त्यांचा मोबदला बहुतेक धान्याच्या रूपाने सुगीला मिळे. फुलांसाठी रोख पैसा मोजायचा प्रसंग खेड्यात क्वचितच येई. खर्चाच्या वाटा दुसऱ्या होत्या: जेवणावळी, आहेर, दागिने, दक्षिणा.

हा फरक सगळ्यात नेमका ओळखला तो जोतीराव फुल्यांनी. घराणे मूळचे साताऱ्याकडच्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या व्यवसायामुळे ते फुले झाले. सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुरोहिताविना पहिला सत्यशोधक विवाह लागला. पानसुपारीपलीकडे त्यात फारसा खर्च नव्हता. वधूवरांनी एकमेकांना द्यायची वचने मराठीत आली, भटजी गेले, पण हार राहिले. लग्नातून काय काय वगळता येते याचा विचार करताना फुल्यांनी फुलांना हात लावला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने लग्न महाग करणारी वस्तू ती नव्हतीच. पुढे ओतूरच्या एका सत्यशोधक लग्नावरून ग्रामजोशांनी आपल्या हक्कासाठी दावा लावला, तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. भांडण दक्षिणेचे होते. हारावरून कोणी कोर्टाची पायरी चढल्याचे ऐकिवात नाही! तमिळनाडूतल्या अशाच पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांना 1967च्या दुरुस्ती कायद्याने मान्यता मिळाली, तेव्हा तर नातलग आणि मित्रांसमक्ष एकमेकांना हार घालणे एवढेही लग्न ठरायला पुरेसे मानले गेले.

साध्या लग्नाच्या या आग्रहावर एक आक्षेप जुनाच आहे. लग्न साधे केल्याने शेतकरी कर्जातून सुटतो, हे खरे आहे का? 1875 मध्ये सुपे आणि आसपासच्या गावांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने स्पष्ट म्हटले, की रयतेच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग आयुष्यात मोजकेच येतात. आयोगाचे म्हणणे मला पटते. पण त्याने फुल्यांचा मुद्दा खोडला जात नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ या आपल्या पुस्तकात त्यांनी सरकारी सारा आणि अंमलदारांवरही तितकाच कोरडा ओढला आहे. एकूण रक्कम किती, यापेक्षा ती कोणाच्या हाती आणि कोणत्या धाकाने जाते, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: घरचे म्हणजे फुकटचे नव्हे. वेण्या, गजरे, फुलांच्या मुंडावळ्या पहाटेपासून बसून करणाऱ्या बायकांची मजुरी कोणत्याच वहीत नाही, आणि सुगीच्या वाट्यावर राबणाऱ्या माळ्याला भाव ठरवायची मुभा नव्हती. म्हणून जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तिच्यातून घ्यावे ते एवढेच, की सजावट हे ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांचे काम होते. ते सुटले मंगल कार्यालये आली तेव्हा, आणि पुरते हातचे गेले 1990नंतर, मावळ-तळेगावच्या हरितगृहांतले जरबेरा आणि डच गुलाब लग्नाच्या स्टेजवर चढले तेव्हा. ही फुले परकी म्हणून नाक मुरडण्यात मात्र हशील नाही. झेंडू आणि निशिगंध दोन्ही मेक्सिकोकडचेच.

मग घरी हार ओवले तर फूलशेती करणाऱ्याचे नुकसान नाही का? सजावटवाल्याच्या बिलात सांगाडा, वाहतूक, रात्रपाळीची मजुरी आणि नफा असतो. शेतकऱ्याच्या फुलाचा वाटा त्यातला एक तुकडा. दादरच्या किंवा गुलटेकडीच्या बाजारात पहाटे किलोवर घेतलेली सुटी शेवंती त्याच्या जास्त जवळची. अडत आणि हमाली तिथेही आहेच, आणि लग्नसराईत भाव चढतातही. पण दसरा-दिवाळी उलटल्यावर झेंडू पडेल भावाने जातो, आणि तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. त्या दिवसांत ज्यांचे लग्न आहे त्यांना दोन्ही दारांना तोरणे आणि दोघांचे हार मिळून जेवढी फुले लागतील, तेवढ्यांना पिशवी पुरते, ट्रक लागत नाही.