‘भारत जोडो’ची सायकल आणि तिचे मुक्काम

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील रचनात्मक चळवळींनी तरुणांना घराबाहेर काढण्याचे जे मार्ग शोधले, त्यांत बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ अभियानातील दोन सायकलयात्रांचे स्थान वेगळे आहे. पहिली यात्रा २४ डिसेंबर १९८५ रोजी कन्याकुमारीहून काश्मीरच्या दिशेने निघाली. तीत ११६ तरुण-तरुणी सामील झाले, त्यांपैकी १६ युवती होत्या, सगळे पस्तिशीच्या आतले होते, आणि तिचे अंतर ५,०४२ किलोमीटर भरले. दुसरी यात्रा नोव्हेंबर १९८८मध्ये अरुणाचल प्रदेशातील इटानगर येथून सुरू झाली आणि १०० युवक व २५ युवतींना घेऊन, ७,५४६ किलोमीटर कापून, मार्च १९८९मध्ये गुजरातच्या पश्चिम टोकावरील ओखा बंदराला पोहोचली. या आकड्यांचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तही आहे. परंतु या यात्रांचे मोल समजून घ्यायचे तर किलोमीटरपेक्षा मुक्कामांकडे पाहणे भाग आहे, कारण यात्रेची सारी आखणी मुक्काम मध्यवर्ती धरूनच झाली होती.

प्रस्थानाचा दिवस सहज निवडलेला नव्हता. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती, आणि एका प्रांतातील माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा, साहित्य व चालीरीती आपुलकीने शिकाव्यात ही ‘आंतरभारती’ची कल्पना गुरुजींनीच मांडलेली. १९४१मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाने, म्हणजे समाजवादी विचारांच्या तरुणांच्या संघटनेने, हा वारसा शाखा, शिबिरे आणि कलापथके यांतून जपला होता. कलापथक म्हणजे गाणी, पोवाडे व लोकनाट्य यांतून प्रबोधन करीत गावोगाव फिरणारा तरुणांचा संच. मुक्कामी पोहोचल्यावर आधी गाणे, मग बोलणे, ही रीत महाराष्ट्रातल्या तरुणांना त्यामुळे नवी नव्हती.

काळ मात्र कठीण होता. ऑक्टोबर १९८४च्या अखेरीस इंदिरा गांधी यांची हत्या झाली, पाठोपाठ दिल्लीत आणि इतरत्र शिखांचे शिरकाण झाले. जुलै १९८५मध्ये पंजाबविषयी राजीव गांधी यांच्याशी करार करणारे अकाली नेते संत लोंगोवाल महिन्याभरातच गोळ्यांना बळी पडले. आसामचा करार त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. संयुक्त राष्ट्रांनी १९८५ हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून जाहीर केले होते, पण त्या वर्षी देशातील तरुणांचा उल्लेख होई तो बहुधा बंदुकीच्या संदर्भात. अशा वेळी तरुणांचे हात मारण्यासाठी उठू नयेत, मागण्यासाठीही पसरू नयेत, ते निर्मितीला लागावेत, हे बाबांचे सांगणे उपदेशापुरते उरले नाही, याचे कारण सांगणाऱ्यामागे त्यांनीच उभारलेले आनंदवन उभे होते, जिथे समाजाने टाकलेल्या कुष्ठरुग्णांनी स्वतःच्या हातांनी शेती, विहिरी आणि घरे उभी केली होती.

समूहाने लांबचा पल्ला गाठण्याच्या महाराष्ट्रातील पूर्वपरंपरांत पंढरीची वारी अर्थातच पहिली. दिंडी, म्हणजे वारकऱ्यांचा शिस्तबद्ध जथा, चालते ती ठरलेल्या मुक्कामांवर, आणि त्या त्या गावाने वारकऱ्यांच्या जेवणाची व निवाऱ्याची काळजी घेणे हा वारीच्या व्यवस्थेचा कणा आहे. विनोबा भावे यांनी १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान, म्हणजे भूमिहीनांसाठी जमिनीचे दान, स्वीकारले आणि पुढच्या पदयात्रेतून हीच मुक्कामाची रीत सामाजिक कार्यात आणली. तिसरा धागा खास आनंदवनाचा: चंद्रपूर जिल्ह्यातील मूल तालुक्यात सोमनाथ येथे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून दर उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरत आली, जिथे शाळा-महाविद्यालयांतील मुले-मुली सकाळी कुदळ-फावडे घेऊन काम करीत आणि उरलेल्या वेळी व्याख्याने ऐकून वाद घालीत. ‘भारत जोडो’ ही एका अर्थी सोमनाथची छावणीच होती. तिला चाके लावून ती देशभर फिरवली गेली.

या चाकांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. पायी चालणारा जथा दिवसाला साधारण वीस किलोमीटर जातो आणि त्या गतीने कन्याकुमारी ते काश्मीर गाठायला आठ-नऊ महिने लागतील, जे शिकणाऱ्या वा नोकरीच्या शोधातल्या तरुणाला परवडणारे नाही. मोटार तेच अंतर आठवड्यात कापते, पण वाटेतली गावे तिच्या काचेबाहेरून निघून जातात. सायकलने दिवसाला सरासरी पन्नास किलोमीटर गेले तर सकाळ रस्त्यावर जाते आणि संध्याकाळ गावाला देता येते. शिवाय १९८५च्या भारतात सायकल म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच वस्तू होती: अठ्ठावीस इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची, मागे कॅरिअर असलेली काळी, वजनदार सायकल, जिचे सुटे भाग दक्षिणेतल्या बाजारगावात आणि उत्तरेतल्या नाक्यावर सारखेच मिळत. पंक्चर काढण्याची कृतीही सगळीकडे एकच. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे, ती जागा कानशीने खरवडायची, सोल्युशन लावून ते जरा सुकू द्यायचे आणि ठिगळ दाबून बसवायचे. हे काम करणारा कारागीर भाषा कोणतीही बोलो, त्याच्या हाताच्या हालचाली ओळखीच्या असत. राष्ट्रीय एकात्मतेविषयीच्या ग्रंथांत या गोष्टीची नोंद क्वचितच सापडते आणि ती असायला हवी.

मुंबईने याआधीही सायकलस्वारांचे मोठे धाडस पाहिले होते. १९२३च्या ऑक्टोबरमध्ये पारशी तरुणांची एक तुकडी जगप्रदक्षिणेला निघाली. तिच्यातील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे इराण, इराक आणि सीरियाचे वाळवंट पार करीत पुढे जाऊन १९२८मध्ये परतले. त्यांचा पराक्रम अजोड होता. परंतु त्यांचे उद्दिष्ट पुढे जाणे हे होते, तर ‘भारत जोडो’च्या यात्रींना रोज थांबायचे होते. खुद्द बाबांना तर सायकलवर बसणेही शक्य नव्हते. पाठीच्या कण्याच्या विकारामुळे त्यांना केवळ उभे राहता किंवा आडवे होता येई, आणि यात्रेसोबत ते वाहनात आडवे पडून प्रवास करीत. पहिल्या यात्रेच्या प्रस्थानानंतर दोनच दिवसांनी त्यांनी एकाहत्तरी पूर्ण केली. सत्तरी ओलांडलेला, बसू न शकणारा हा माणूस बरोबर चालला आहे हे पाहणाऱ्या तरुणाला दमल्याची सबब सांगणे जड गेले असेल.

तुलनेसाठी दुबईतल्या सायकलींकडे पाहिले तर या यात्रांना गावांची किती गरज होती हे अधिक स्पष्ट होते. दुबईतील अल क्वोज हा शेख झायेद रस्त्याच्या आतल्या अंगाचा गोदामांचा, वर्कशॉपांचा आणि कामगार-वसाहतींचा भाग, जिथल्या जुन्या गोदामांत २००८नंतर अलसरकाल अ‍ॅव्हेन्यूची कलादालने आली. तेथे भारतीय उपखंडातला कामगार सायकल वापरतो ती खोलीपासून कामापर्यंत किंवा किराणा दुकानापर्यंत. हौशी सायकलस्वार मात्र अल कुद्रा येथील वाळवंटातल्या ऐंशी किलोमीटरहून लांब मार्गावर जातात, कारण शहरातल्या वेगवान रस्त्यांवर सायकलला मज्जाव आहे. तो मार्ग उत्तम आणि सुरक्षित आहे, आणि त्यावर मुलांचे गट दूरवर जाऊ शकतात. परंतु संध्याकाळी ज्याच्या ओसरीवर पथारी टाकावी असे घर त्याच्या कडेला नाही. ‘भारत जोडो’ची यात्रा उभी राहिली ती दर काही कोसांवर विहीर, शाळा आणि पाहुण्यांना दोन भाकरी जास्त थापणारी चूल असलेल्या दाट वस्तीच्या मुलखावर.

मुक्कामाची ही रीत पुढेही टिकली. अहमदनगरच्या स्नेहालय संस्थेने २०२१मध्ये सद्भावना सायकलयात्रा काढली ती बांगलादेशातील नोआखालीपर्यंत, म्हणजे दंगलींनंतर १९४६-४७च्या हिवाळ्यात महात्मा गांधी ज्या गावांतून अनवाणी चालले आणि जवळजवळ रोज नव्या गावी मुक्कामाला राहिले, त्याच मुलखापर्यंत.