शब्द अडला, संकल्पना अडली नाही



चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात, पार्थसारथी मंदिराच्या जवळ, तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती (१८८२–१९२१) यांचे घर आहे. आयुष्याच्या अखेरीस ते येथे राहत होते. ते कवी होते हे आपण जाणतो. पण १९०४ पासून ते मद्रासच्या ‘स्वदेशमित्रन्’ या तमिळ वृत्तपत्रात काम करत होते, हेही लक्षात ठेवा. सभा, निवडणूक, ठराव असे नवे विषय तमिळमध्ये मांडायचे, तर शब्द रोजच शोधावे लागत.

एका लेखात भारतींनी आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. ‘मेंबर’ला योग्य तमिळ शब्द सापडेना. ‘अवयवी’ बरोबर वाटला नाही. ‘सभिकन्’ बरोबर होता, पण सामान्य लोकांना कळला नसता. ‘उरुप्पाळि’ही मनास पटला नाही. अर्धा तास विचार करून त्यांनी शेवटी ‘मेंबर’च लिहिले आणि पंडितांनी चांगला शब्द सुचवावा, अशी विनंती केली.

आता प्रश्न असा: भारतींजवळ नेमके काय नव्हते? शब्द नव्हता. संकल्पना मात्र होती. हे कशावरून? त्यांनी एकेक शब्द नाकारला, यावरून. हाताशी माप असल्याशिवाय कपडा आखूड आहे की लांब, हे सांगता येत नाही. येथे ते माप म्हणजेच संकल्पना.

‘अवयवी’ का चालत नाही, हे न्यायदर्शनाच्या आधारे आपणही तपासू शकतो. न्यायमतात अवयव म्हणजे भाग आणि अवयवी म्हणजे भागांनी बनलेली पूर्ण वस्तू. धागे हे अवयव, कापड हा अवयवी. मग सभेतली व्यक्ती अवयवी कशी? अवयवी झालीच तर ती सभा होईल!

पुढे तमिळमध्ये ‘उरुप्पिनर्’ हा शब्द रूढ झाला. त्यातील ‘उरुप्पु’ म्हणजे शरीराचा अवयव. ‘मेंबर’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचाही अर्थ तोच. मराठी ‘सभासद’ मात्र सभेत बसणारा. शब्दांतील चित्रे वेगळी आहेत, संकल्पना एकच.

महाराष्ट्राच्या इतिहासातही असा दाखला आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. डबीर ‘सुमंत’ झाला, सुरनीस ‘सचिव’ झाला. परराज्यांशी व्यवहार पाहण्याचे सुमंताचे काम मात्र डबीराचेच राहिले. मग शब्द बदलून काय साधले? राज्य कोणाचे, हे कागदावर दिसू लागले. म्हणजे संकल्पना तीच राहिली तरी शब्दाला स्वतःचे वजन असते.

उलट बाजूही पाहा. ‘पदार्थ’ हा एकच शब्द घ्या. वैशेषिक दर्शनात द्रव्य, गुण, कर्म हे पदार्थ. विज्ञानाच्या पुस्तकात घन, द्रव, वायू हे पदार्थ. आणि स्वयंपाकघरात थालीपीठ हा पदार्थ. वैशेषिकांचा ग्रंथ वाचताना आपल्या सवयीचा अर्थ मनात ठेवला, तर ‘गुण हा पदार्थ कसा?’ असा प्रश्न पडतो. घोटाळा तत्त्वज्ञानातला नसून शब्दातला असतो. जुने ग्रंथ वाचताना म्हणून आधी विचारावे: हा शब्द येथे कोणत्या संकल्पनेसाठी आला आहे?

मी अभियांत्रिकी शिकवतो. वर्गात ‘स्ट्रेस’ आणि ‘स्ट्रेन’ हे दोन्ही शब्द सर्वांना पाठ असतात, पण फरक विचारला की शांतता पसरते. आणि मराठी माध्यमातून आलेला एखादा विद्यार्थी चाचरत सांगतो, “सर, एक म्हणजे दर चौरस मीटरला किती बल, आणि दुसरं म्हणजे मूळ लांबीच्या मानाने किती ताणलं गेलं.” संकल्पना त्याच्याजवळ आहे. इंग्रजी शब्द अडला म्हणून तो स्वतःला कच्चा समजत असतो. तुमच्यापैकी कोणी तसे समजत असेल, तर भारतींचा तो अर्धा तास आठवा. शब्द अडणे हे अज्ञान नव्हे. शब्द येतो म्हणून संकल्पनाही आली असे मानणे, हे मात्र अज्ञान आहे.

स्वाध्याय: तुमच्या विषयातील एक संज्ञा निवडा. ती संज्ञा न वापरता तिचा अर्थ आपल्या भाषेत चार वाक्यांत लिहा. जिथे अडाल, तिथे शब्द अडला की संकल्पना, ते ठरवा.