मोत्याचा रंग कोठे असतो?

मोत्याच्या पाण्याने माणसाला हजारो वर्षे भुरळ घातली. पण हा रंग असतो कोठे? १८१४ साली स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी शिंपल्याच्या चकाकत्या थराचा ठसा मेणावर घेतला. तेच रंग मेणावर उमटले! म्हणजे ते पदार्थाचे नव्हते, पृष्ठभागावरील सूक्ष्म रेषांचे होते.

काही छटा मात्र ठशात उतरत नाहीत. त्या आतल्या थरांच्या. मोतीही अशाच, सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीच्या अ‍ॅरागोनाइट-चकत्यांच्या थरांनी बनतो. थराथरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरींपैकी काही एकमेकींना उजळतात, काही मालवतात. ताहितीच्या काळ्या मोत्यात रंगद्रव्याचीही भर पडते.

वर्गात शिंपला उजेडात फिरवून पाहावा. कोनाबरोबर बदलणारा रंग रचनेचा, न बदलणारा बहुधा रंगद्रव्याचा. उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.