सक्रियित कार्बन (प्रवाळ-मत्स्यालयातील)

जिवंत प्रवाळ (पोवळी) सांभाळणाऱ्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात विरघळलेली सेंद्रिय द्रव्ये काढून टाकण्यासाठी वापरला जाणारा सच्छिद्र कोळसा. ही द्रव्ये कोळशाच्या घन भागात मुरत नाहीत, तर त्याच्या रंध्रांच्या भिंतींना चिकटून राहतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. चांगल्या प्रतीच्या एक ग्रॅम कोळशात असा पृष्ठभाग सुमारे ५०० ते १,५०० चौ. मी. असतो. कोळशाने द्रावणाचा रंग जातो हे टोबियास लोव्हिट्स यांनी १७८५ मध्ये दाखविले होते.

उपयोग : मत्स्यालयात शैवले, खाद्याचे अवशेष व माशांची विष्ठा यांच्या विघटनातून पिवळसर तपकिरी द्रव्ये साचत जातात. समुद्रातील अशा द्रव्यांना जर्मन सागरवैज्ञानिक कुर्ट काल्ले यांनी दिलेले ‘गेल्बश्टोफ’ (पीतद्रव्य) हे नाव रूढ आहे. पीतद्रव्य निळा व जंबुपार प्रकाश शोषते. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी झूझँथेली ही शैवले मुख्यतः निळ्या प्रकाशावर प्रकाशसंश्लेषण करीत असल्यामुळे पाण्याचा पिवळेपणा हा केवळ दिसण्याचा दोष राहत नाही. सार्कोफायटन, सिन्युलॅरिया इ. मृदू प्रवाळ शेजारच्या पाषाणप्रवाळांना अपायकारक अशी टर्पिनॉइडे पाण्यात सोडतात, तीही कोळशाने कमी होतात. अमोनिया व नायट्रेट यांवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

रंध्रे व निवड : व्यास २ नॅनोमीटरपेक्षा कमी असल्यास सूक्ष्मरंध्रे, २ ते ५० असल्यास मध्यरंध्रे आणि त्याहून अधिक असल्यास स्थूलरंध्रे, असे वर्गीकरण आहे. नारळाच्या करवंटीच्या कोळशात, जो भारतात विशेषतः तमिळनाडू व केरळात मोठ्या प्रमाणावर तयार होतो, सूक्ष्मरंध्रांचे प्राबल्य असते. म्हणून नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यास तो उत्तम ठरतो. लिग्नाइटच्या कोळशात मध्यरंध्रे अधिक, तर बिट्युमेनी कोळशापासून केलेल्या प्रकारात दोन्हींचे मिश्रण आढळते. वेष्टनावर बहुधा छापलेला ‘आयोडीन अंक’ हा एक ग्रॅम कोळशाने किती मिलिग्रॅम आयोडीन धरले ते सांगतो. परंतु आयोडीनचा रेणू लहान असल्याने हा अंक सूक्ष्मरंध्रांचाच हिशेब देतो. पीतद्रव्याचे मोठे रेणू अशा रंध्रांत शिरू शकत नाहीत, त्यामुळे केवळ या अंकावर केलेली निवड फसण्याचा संभव असतो. साखर कारखान्यातील मळीचा रंग किती जातो यावरून ठरविलेला मळी अंक येथे अधिक बोलका आहे, मात्र किरकोळ विक्रीच्या वेष्टनांवर तो क्वचितच दिलेला असतो. कण जितका बारीक तितके रेणूला आत कापावे लागणारे अंतर कमी आणि अधिशोषण जलद, ०.८ मिमी. व्यासाच्या कांड्यांच्या स्वरूपातील कोळसा यामुळे लोकप्रिय झाला.

राख व फॉस्फेट : कच्च्या मालातील खनिज अंश राखेच्या रूपाने कोळशात उरतो आणि त्यातून फॉस्फेट पाण्यात उतरू शकते, फॉस्फोरिक अम्लाने सक्रियित केलेल्या लाकडी कोळशाबाबत हा धोका अधिक. आम्लाने धुतलेला कोळसा घ्यावा, तरीही थोडा नमुना शुद्ध पाण्यात भिजवून त्या पाण्याची फॉस्फेट-चाचणी करणे इष्ट.

माशांवरील परिणाम : सर्जनमाशांच्या डोक्यावर व पार्श्वरेषेवर त्वचा झिजून खड्डे पडण्याच्या विकाराशी कोळशाचा संबंध दीर्घकाळ जोडला जात होता. हेमडाल व ओडम यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लिग्नाइटच्या कोळशाच्या सान्निध्यातील सर्जनमाशांना हा विकार तीव्र स्वरूपात झाला, गोळीरूप कोळशाच्या टाकीत तो सौम्य राहिला आणि कोळसा नसलेल्या टाकीतील मासे निरोगी राहिले. बारीक भुकटी हे कारण असावे असा संशय आहे. वापरापूर्वी कोळसा काजळी जाईपर्यंत धुण्याची शिफारस त्यामुळेही केली जाते.

मात्रा : निर्मात्यांनुसार बदलते.

बरेच दिवस पिवळट राहिलेले पाणी एकाएकी स्वच्छ झाल्यास प्रवाळांवर पडणारा प्रकाश अचानक वाढून ते पांढरे पडू शकतात. म्हणून प्रथम थोडाच कोळसा घालून पुढे प्रमाण वाढवितात. वापरलेला कोळसा घरच्या भट्टीत तापवून पुन्हा सक्रियित होत नाही, त्यासाठी सुमारे ८००° से. किंवा त्याहून अधिक तापमान व नियंत्रित वायू लागतात.