पाडलेल्या झाडाचे काय होते?

सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला कडुनिंब रस्तारुंदीकरणात गेला. पंचनाम्यावर सही माझीच होती. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी ज्या सरकारी नोकरीत आहे, तिथे रस्त्याच्या आड येणाऱ्या झाडांची मोजदाद करणे हेही एक काम असते. छातीच्या उंचीला घेर आठ फूट, सरळ खोड दहा फूट, अशी नोंद मीच केली. मध्य प्रदेशात शहरातील झाडांसाठी २००१ चा कायदा आहे, त्याप्रमाणे परवानगीचे कागद पूर्ण होते. संध्याकाळपर्यंत त्या खोडाचे दीड-दीड फुटांचे तुकडे झाले आणि ते क्विंटलच्या भावाने जळणात गेले. आई गॅलरीतून बघत होती. मला म्हणाली, “एवढ्या लाकडाचा एक पाटसुद्धा नाही का रे निघाला?”

मला उत्तर देता आले नाही. पुढे त्याच प्रश्नापायी बरेच वाचणे-विचारणे झाले, ते या स्मरणिकेसाठी लिहून काढतो आहे.

झाडांचा विषय निघाला की आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चा दाखला हटकून दिला जातो. हा ग्रंथ १७१५ च्या सुमाराचा, पण त्यातले धोरण शिवकाळापासूनच्या अनुभवाचे. आरमाराला सागवान वगैरे लाकूड लागते, ते परवानगी घेऊन तोडावे. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. इथवर सगळ्यांना पाठ आहे आणि मोबाइलवरही फिरत असते. पण अमात्य तिथे थांबलेले नाहीत. एखादे झाड फार जुने होऊन कामातून गेले असेल, तर धन्याला राजी करून, त्याचे पैसे देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडून न्यावे. जबरदस्ती करू नये, असेही ते सांगतात. हा भाग सहसा कुणी पुढे पाठवत नाही. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. गावातल्या म्हाताऱ्या झाडाचे लाकूड हा राज्याच्या कामाचा माल आहे, त्याची किंमत आहे आणि ती मालकाच्या हातात पडली पाहिजे, हे त्यात गृहीत धरलेले आहे. जळण म्हणून त्याचा विचारच नाही.

आपले इंदूर तर लाकडावरच उभे होते. राजवाड्याचे सात मजले. खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी. त्याने आग तीनदा सोसली. १८०१ मध्ये शिंद्यांच्या बाजूने सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आला आणि त्याने शहर लुटून जाळले, तेव्हा. नंतर १९०८ मध्ये. आणि शेवटी १९८४ च्या दंगलीत. शेवटची आग आमच्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली. मी तेव्हा पाळण्यातून नुकताच बाहेर आलेला, त्यामुळे मला आठवतो तो दर्शनी भागामागचा उघडा पडलेला सांगाडाच. साध्या वाड्यांचीही तीच घडण होती: खांब, तुळया, वर कडीपाट. वाडा उतरवला की तुळई फेकून कुणी देत नसे. ती टालीवर जाई (पुण्याकडे वखार म्हणतात) आणि दुसऱ्या घराच्या चौकटीत पुन्हा उभी राही. जुन्या दारांच्या चौकटींत मध्येच बुजवलेली खोबण दिसते, ती बहुधा आधीच्या जन्मातली असते.

लाकूड चिरण्याचे काम हातानेच चाले. खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर ओंडका चढवायचा. एक माणूस वर उभा, दुसरा खाली. वरचा रेघ सांभाळतो, खालचा करवत ओढतो आणि दिवसभर भुसा खातो. रेघ आखायला दोरा गेरूत बुडवून ताणायचा आणि टिचकी मारून सोडायचा, म्हणजे सूत मारायचे. सुतार हा शब्दच मुळी सूत्रधारापासून आला. झाडाझाडाचे काम ठरलेले असे. बाभूळ गाडीच्या चाकाला आणि नांगराला. जांभूळ पाण्यात कुजत नाही म्हणून विहिरीच्या तळाला. चिंचेचा ओंडका खाटकाला. शिसम पलंगाला, कडुनिंब पेटी-फडताळाला, कारण त्यात कसर लागत नाही. आंब्याची फळी स्वस्त, पण तिला भुंगा लवकर धरतो.

मोजमापाची एक गंमत सांगतो. आजही ओंडका मोजताना घेराचा चौथा भाग घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीने गुणतात. ही रीत एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाने १७३६ मध्ये कोष्टकांत बांधली. आमच्या कडुनिंबाचा घेर आठ फूट, त्याचा चौथा भाग दोन, वर्ग चार, गुणिले दहा: चाळीस घनफूट. भूमितीने खरा हिशेब केला तर जवळजवळ एक्कावन्न येतात. मधले अकरा घनफूट म्हणजे साली, कडेच्या अर्धगोल फाळक्या आणि भुसा यांच्या नावाने आधीच सोडलेली सूट. ज्याने हे कोष्टक केले, त्याने खोडाकडे फळ्यांच्या नजरेने पाहिले होते. आम्ही क्विंटलने विकले.

मग आता असे का होते? एक कारण कायद्याचे. आपल्या राज्यात काष्ठ चिराण नियमनाचा कायदा १९८४ पासून आहे आणि गोदावर्मन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर देशभर आरागिरण्यांवर नजर कडक झाली. जंगल वाचवायला ते हवेच होते. पण खरे कारण मला आरामशीनवाल्याने दाखवले. रस्त्याकडेच्या झाडात खिळे असतात. बॅनरचे, दुकानाच्या पाटीचे, निवडणुकीच्या पताकांचे. झाड वाढते, खिळ्यावर लाकूड चढते, वरून काही कळत नाही. फिरत्या पात्याला खिळा लागला की दाते उडतात, कधी तुकडा माणसाच्या अंगावर येतो. म्हणून गिरणीवाला शहरातले खोड दारातूनच परत पाठवतो.

पॅट्रिक गेडिस होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इथे आले होते. त्यांचा अहवाल १९१८ चा. प्लेगच्या उंदराला दिवाळीच्या मिरवणुकीत फिरवणारा हाच तो माणूस. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रस्ते काढण्याच्या ते विरोधात होते. जपून, थोडे कापून इलाज करा, असे त्यांचे म्हणणे. आमच्या नकाशावर मात्र पट्टीने मारलेली रेघ असते.

तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका रस्त्यावर शिसमाचे झाड निघाले. या वेळी ओंडके तोडू न देता आठ फुटांचे सरळ खोड अखंड ठेवायला लावले. मी सरकारी नोकर, आपल्याच कामाच्या लिलावात बोली लावणे नियमात बसत नाही. मंडळातल्या एका काकांनी बोली लावली, वाहतुकीचा परवाना काढला. दोन रविवार आम्ही चौघांनी त्या खोडातून खिळे काढले. धातू ओळखणारे यंत्र एका इलेक्ट्रिशियनकडून आणले होते. एकोणीस खिळे, एक हूक आणि झाडाने गिळलेली तारेची वेटोळी निघाली. ती बघितल्यावरच मशीनवाला तयार झाला, तेही पाते तुटले तर पैसे आमचे या बोलीवर.

फळ्या दीड इंची काढल्या. टोकांना रंग फासला, कारण ओल तिथून भराभर उडते आणि लाकूड फाटते. सावलीत, दोन फळ्यांच्या मध्ये इंच-इंच पट्ट्या घालून थर रचला. उघड्या हवेत इंचाला एक वर्ष असा जुना अंदाज आहे, म्हणून दोन पावसाळे जाऊ दिले. अकरापैकी दोन फळ्या पिळवटल्या, एक टोकाला चिरली. उरलेल्या आठांतून मंडळाच्या वाचनालयाचे एक कपाट झाले आणि या वर्षी गणपती ज्या चौरंगावर बसले आहेत तो चौरंग.

चौरंगाच्या डाव्या पायाजवळ एक काळा डाग दिसेल. तिथे खिळा होता. त्याच्या गंजाने शिसम काळे पडले. रंधा मारून तो जाईल असे सुतार म्हणाला होता, पण आईने तसाच राहू दे म्हटले. पहिल्या दिवशी आरतीनंतर ती त्यावर हात फिरवून घरी गेली. कडुनिंबाबद्दल तिने अजूनही काही विचारलेले नाही.