बोरघाटाची जोखीम
कर्जतजवळच्या पळसदरीहून खालापुराकडील खोपोलीच्या माथ्यावरून खंडाळ्यास चढणारा लोहमार्ग बांधण्यास १८५६ सालीं आरंभ झाला. रेल्वे कंपनीच्या भागधारकांस सरकारनें शेंकडा ५ व्याजाची हमी दिलेली. भांडवलाचा जणूं विमाच उतरला होता! मक्तेदाराची जोखीम मात्र त्याच्या शिरावर. मजुरी थकल्यानें १८५९ त मजुरांनीं दंगा केला. मक्तेदार फॅव्हिएल यानें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल वर्ष संपण्यापूर्वींच वारला. त्याची विधवा अॅलिस हिनें मोठ्या धैर्यानें मक्ता चालविला व १८६३ त घाट पुरा झाला. कातळ फोडतांना, पटकीनें, हजारों मजूर मेले. कामावर मेलेल्या मजुराच्या पोराबाळांस भरपाई देवविणारा खास कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला.