अस्वलाचे रान आणि बंदुकीची निवड

आपल्या देशातील अरण्यांत वाघाची कीर्ती मोठी. तथापि सातपुडा, मेळघाट व चांदा या प्रदेशांत ज्यांचा जन्म रानात गेला, ती माणसे वाघापेक्षा अस्वलाचेच भय अधिक बाळगीत आली आहेत. वाघ बहुधा माणसाची चाहूल लागताच बाजूस होतो. अस्वलाचे तसे नाही. वाळवी, मुंग्या, मध, जांभळे-बोरे आणि फाल्गुन-चैत्रातील मोहफुले हे त्याचे खाद्य. माणसाच्या मांसाची त्यास गरज नाही. परंतु त्याची दृष्टी मंद असते. वारूळ उकरण्यात ते गुंतले असता माणूस अगदी निकट येईपर्यंत त्यास पत्ता लागत नाही. आणि मग पळण्याऐवजी दचकून ते अंगावर धावते. त्याच्या नखांचा व दातांचा पहिला घाव पुष्कळदा डोक्यावर व चेहऱ्यावर बसतो.

अशा रानात जाणाऱ्याने कोणती बंदूक हाती धरावी, हा प्रश्न गेल्या शतकातील शिकाऱ्यांस फार महत्त्वाचा वाटे. वरवर पाहता हा केवळ हत्यारांच्या हौशीचा विषय आहे. परंतु त्याच्या पोटात आपल्या प्रांताच्या राज्यकारभाराचा व समाजस्थितीचा बराच इतिहास दडलेला आहे, म्हणून त्यास या स्मरणिकेत स्थान द्यावे असे आम्हांस वाटले.

या विषयाचा शास्त्रशुद्ध विचार करणाऱ्यांत कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे नाव अग्रभागी येते. १८६२ साली मध्यप्रांतातील पंचमढीच्या पठाराची पाहणी करण्याचे काम त्यांजकडे आले. सातपुड्यातील त्यांच्या भ्रमंतीचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी शिकारी रायफलीवर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. मोठ्या तोंडाच्या नळीत आटे अगदी सावकाश वळणारे ठेवावेत, म्हणजे दारू भरपूर भरली तरी शिशाचा वाटोळा गोळा आट्यांतून निसटत नाही, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन होय. बारा बोअर म्हणजे नळीत बसणारे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड. तेव्हा असा एक गोळा सुमारे अडतीस ग्रॅम वजनाचा होई. झाडीतून अवचित बाहेर पडणारे जनावर अंतराचा हिशेब करण्यास अवधी देत नाही. म्हणून जवळच्या अंतरात सरळ जाणारा व आघाताने जनावरास जागीच थोपविणारा गोळा त्यांस इष्ट वाटला.

यानंतर ‘एक्सप्रेस’ रायफलींचा काळ आला. हलकी, बहुधा टोकाशी पोकळ अशी गोळी आणि दारूचा मोठा बार, हे त्यांचे वैशिष्ट्य. हरणासारख्या जनावरास ती उत्तम. परंतु जाड स्नायूंवर वा हाडावर आदळताच ती फुटून जाई व आत खोल शिरत नसे. सर सॅम्युअल बेकर यांच्यासारख्या अनुभवी शिकाऱ्यांनी मोठ्या जनावरांसाठी पोकळ गोळीचा निषेध करून भरीव गोळीचा पुरस्कार केला. एकंदरीत अस्वलाच्या रानासाठी सर्वमान्य झाली ती दुनळी. पहिला बार चुकला तर दुसरा क्षणात हाताशी असावा, हे त्यामागील साधे कारण. दूरवरच्या नेमापेक्षा शेवटची दहा-पंधरा पावले येथे निर्णायक ठरतात.

परंतु ही निवड करण्याचे स्वातंत्र्य होते कोणास? १८७८ साल या दृष्टीने मोठे सूचक आहे. त्या एकाच वर्षी जंगलाचा कायदा झाला आणि शस्त्रांचाही कायदा झाला. पहिल्याने रान सरकारी राखीव झाले. दुसऱ्याने एतद्देशीयांस शस्त्रासाठी परवाना आवश्यक झाला, मात्र युरोपियनांस त्यातून सूट मिळाली. पुढे १९०७ साली ४५० बोअरच्या रायफलींची आयात सरकारने बंद केली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री बंदुकीचे तोंड तेवढेच असल्याने ही काडतुसे बंडखोरांच्या कामी येतील, ही धास्ती त्यामागे होती. विलायतेतील बंदूककारांनी त्यावर ४६५, ४७० अशी नवी मापे काढली. पुढील काळात आपल्याकडे ३१५ बोअरची रायफल रूढ झाली, तिच्याही मुळाशी लष्करी ३०३ काडतूस सामान्य नागरिकाच्या हाती न देण्याचे धोरण होते. म्हणजे कोणत्या जनावरास कोणती गोळी, हे शिकारी ठरवीत असला, तरी कोणत्या माणसास कोणती गोळी, हे सरकार ठरवीत असे.

आणि अस्वलाशी नित्य गाठ पडे ती कोणाची? पहाटे मोहफुले वेचावयास जाणाऱ्या गोंड व कोरकू स्त्रीपुरुषांची, तेंदूपाने तोडणाऱ्यांची, गुराख्यांची. मोहाच्या झाडाखाली माणूस व अस्वल दोघेही एकाच अन्नासाठी येतात. या माणसांच्या हाती कुऱ्हाड असे. फार तर गावात कोणाकडे पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक. तिचा एक बार सुटला की पुन्हा दारू, गोळा व गज यांचा खटाटोप. तोवर अस्वल कशास थांबेल? शिवाय अर्धवट जखमी केलेले जनावर पुढच्या वाटसरूस अधिकच घातक. साहेबाची दुनळी वर्षातून काही दिवस रानात येई, तर कुऱ्हाडवाल्यास तेथे रोज जावे लागे.

केनेथ अँडरसन यांच्या १९५७ सालच्या पुस्तकात म्हैसूरकडील एका अस्वलाची हकीकत आहे. त्याने किमान बारा माणसे मारली व त्याच्या दुपटीने जखमी केली, असे ते लिहितात. अँडरसन यांच्यापाशी ४०५ ची विंचेस्टर होती, त्यांनी अखेर त्यास मारले. परंतु तोवर मेली ती गावची निःशस्त्र माणसे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे हे युग संपले. आज अस्वल संरक्षित प्राणी आहे व त्याची शिकार गुन्हा आहे. केवळ प्राणरक्षणार्थ, सद्भावनेने केलेल्या कृतीस कायद्यात अपवाद आहे. हे योग्यच झाले. मात्र मोहाखालची गाठ अद्याप संपलेली नाही. आता तिला उपाय बंदुकीचा नसून, एकट्याने न जाणे, बोलत वा आवाज करीत जाणे आणि पुरते उजाडल्यावर जाणे, हाच आहे.

आपल्या समाजातील ज्या कुटुंबांचे पूर्वज मध्यप्रांतात वा वऱ्हाडात चाकरीस होते, त्यांच्या घरी जुने परवाने, काडतुसांच्या पावत्या, शिकारीची टिपणे वा छायाचित्रे असण्याचा संभव आहे. ती रद्दीत जाऊ देऊ नयेत, अशी आमची विनंती आहे. त्यांतील बंदुकीचे नाव व माप लिहून ठेवावे. परंतु त्याबरोबरच बाजूस उभे असलेले हाकारे व वाटाडे कोणत्या गावचे, त्यांची नावे काय, हेही घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आजच टिपून घ्यावे. बंदुकीचा क्रमांक परवान्यावर नोंदलेला असतो. या माणसांची नोंद मात्र कोठेच नाही, आणि ती सांगू शकणारी पिढी आता थोडीच उरली आहे.